घटीत गेलेली तूर

१

"बाई, ह्यातलं एक पान चोरीला गेलंय."

धुरपताबाईंनी पिशवीतून दोन पुस्तिका काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. लोह्याहून पहिल्या गाडीने त्या नांदेडला आल्या होत्या. माझं ऑफिस शोधत त्यांनी वजिराबाद दोनदा पालथं घातलं होतं.

मी राजकन्या वडजे. 'ताळेबंद' नावाचं आठ पानांचं मासिक काढते. कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे आणि त्यात काय लिहिलंय, काय लिहिलेलं नाही, ते लहान गुंतवणूकदारांना साध्या मराठीत सांगायचं, हे माझं काम. वर्गणीदार अकराशे. शाळामास्तर, औषध दुकानदार, निवृत्त कंडक्टर. धुरपताबाई शेतकरी. त्यांच्या गावातल्या मास्तरांकडे त्यांनी माझं मासिक पाहिलं होतं.

दोन्ही अहवाल लातूरच्या 'मांजरथडी शेतकरी उत्पादक कंपनी'चे होते. सभासदांकडून तूर घ्यायची, मिलमध्ये भरडून डाळ करायची आणि विकायची, हा तिचा धंदा. लोहा, शिरूर अनंतपाळ आणि देगलूर इथे तिची खरेदी केंद्रं. धुरपताबाईंकडे हजार रुपयांचे चाळीस शेअर होते.

"मागल्या साली चौदाव्या पानावर मालाचा हिशेब व्हता," त्या म्हणाल्या. "किती तूर आली, किती डाळ झाली, किती चुणी, किती घट. मी तेवढंच पान वाचते. बाकीचं मला कळत न्हाई. औंदा चौदाव्या पानावर अध्यक्षाचा फोटू हाय."

मी पाहिलं. खरंच, तक्ता नव्हता. होता तो अठ्ठ्याण्णव लाखांचा तोटा. आणि शेवटच्या पानावर सभेची नोटीस. येत्या रविवारी ठराव यायचा होता की तोट्यामुळे मिल एका बाहेरच्या व्यापाऱ्याला विकावी. सभासदाला हजाराच्या शेअरमागे साडेचारशे मिळणार होते.

त्या दिवशी मंगळवार होता.

"तूर तर लई आली म्हणतेत," धुरपताबाई म्हणाल्या. "मग तोटा कशाचा?"

२

त्याच दुपारी मी लातूरला पोचले. कंपनीचं ऑफिस बार्शी रस्त्यावर, मिलपासून सात किलोमीटर लांब. तिथले लेखापाल विनोद पांचाळ यांनी माझं इतकं आदबीने स्वागत केलं की मीच अवघडले.

"मॅडम, तुमचं मासिक मी वाचतो. काय पाहिजे ते बघा. आपल्याकडे झाकपाक नाही."

खरेदीच्या पावत्या, विक्रीची बिलं, बँकेची विवरणं, सगळं त्यांनी पुढ्यात मांडलं. तक्ता का काढला, असं विचारल्यावर ते ओशाळून हसले. "छपाईचा खर्च कमी करा, असं अध्यक्षसाहेब म्हणाले. भुजंगरावांसमोर कोण बोलणार?"

संध्याकाळपर्यंत बसून तो तक्ता मीच तयार केला. मागच्या वर्षी तूर दहा हजार क्विंटल. तिची डाळ बहात्तरशे, चुणी म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल मिळून सव्वीसशे. उरलेले दोनशे क्विंटल म्हणजे घट. भरडताना थोडा ओलावा जातो, माती निघते, पीठ उडतं. एवढी घट चालते.

यंदा तूर बारा हजार. डाळ बहात्तरशे. चुणी-टरफल सव्वीसशे.

मी तीनदा बेरीज केली. घट बावीसशे क्विंटल! म्हणजे दोन हजार क्विंटल तूर कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. साडेसात हजारांच्या भावाने दीड कोटींचा माल. तो असता तर तोट्याऐवजी बावन्न लाखांचा नफा दिसला असता.

विनोदनी आकडे पाहिले आणि खुर्चीत मागे टेकले.

"मलाही शंका होती मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "पण पुराव्याशिवाय कसं बोलायचं? मिलचे फोरमन बसलिंगप्पा दर रविवारी टेम्पो भरून देगलूरला नेतात. फाटकावरच्या वहीत नोंद आहे."

३

इथे मी जे केलं ते लिहिताना आजही मला संकोच वाटतो.

बुधवारी मी मिलवर गेले. अध्यक्ष भुजंगराव बिरादार आधीच आले होते. शिरूर अनंतपाळचे, साठीचे, धिप्पाड आणि तुसडे. मी नमस्कार केला तर म्हणाले, "कागद चाळायला आलात ना? चाळा. आमचं वाटोळं झालंय, त्याचं मासिक काढा."

बसलिंगप्पा पन्नाशीचा, देगलूरकडचा माणूस. एकवीस वर्षं डाळ मिलमध्ये गेलेली. मी टेम्पोचं विचारलं.

"हाव, नेतो की म्याडम. चुणी नेतो. घरी चार म्हशी हायत. पैसे भरून नेतो, पावती हाय."

"दर रविवारी?"

"म्हशी दर रोज खातेत म्याडम."

भोवतीचे कामगार हसले. मला राग आला. हसण्याचा नाही, त्या सरळपणाचा. दोन हजार क्विंटलांचा प्रश्न हा माणूस म्हशींवर नेतो, असं वाटलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तूर आत आली, हे कागद सांगतात. डाळ झाली नाही, हेही कागद सांगतात. म्हणजे माल ह्याच फाटकातून बाहेर गेलाय. आणि फाटकाची किल्ली तुमच्याकडे असते."

हसणं थांबलं. भुजंगराव बसलिंगप्पाकडे वळले. म्हणाले, "किल्ली ठेव तिथं. रविवारपर्यंत तोंड दाखवू नको."

बसलिंगप्पाने किल्ली पोत्यावर ठेवली. डोक्याचा रुमाल सोडून झटकला, पुन्हा बांधला आणि तो चालत फाटकाबाहेर गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

प्रश्न सुटला असं मला वाटलं. लॉजवर येऊन मी मासिकाचा मथळाही लिहून काढला.

४

गुरुवारी सकाळी चहा घेताना तो मथळा मला खटकला. त्याच्याखाली चार ओळींत पुरावा लिहायचा होता आणि चौथी ओळ काही केल्या जमेना.

बसलिंगप्पाने डाळ चोरली असं धरू. तर मग तूर बारा हजार क्विंटल भरडली गेली. बारा हजारांची चुणी-टरफल एकतीसशेच्या वर निघायला हवं. निघालं सव्वीसशे, मागच्या वर्षीइतकंच. चोराने डाळीबरोबर टरफलही मापात चोरलं का? मिलचं वीजबिल काढलं. तेही मागच्या वर्षीएवढंच. म्हणजे ती जादा तूर भरडलीच गेली नव्हती.

मग त्याने अख्खी तूर चोरली असं धरू. दोन हजार क्विंटल म्हणजे पन्नास किलोची चार हजार पोती. दर रविवारी एका टेम्पोत पाऊणशेवर पोती? आणि तेही कुणाच्या नजरेला न पडता?

मी एका कागदावर लिहिलं, 'आली, पण भरडली नाही. भरडली नाही, पण उरलीही नाही.' ते वाचून माझाच गोंधळ वाढला. अहवालावर लेखापरीक्षकाची सही होती. त्यांनी पावती पाहिली, पावतीसमोर बँकेतून गेलेले पैसे पाहिले, दोन्ही जुळलं. मीही तेच केलं होतं. कागदाला कागद जुळत होता आणि तूर मात्र नव्हती.

विनोदना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, चोर सापडलाय. आता कशाला डोक्याला ताप?"

मी पुन्हा मिलवर गेले. काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं.

५

मिलच्या मागच्या शेडमध्ये पंचफुलाबाई रिकामी पोती झटकत होत्या. बारदान्याचं काम त्यांच्या अंगावर होतं. तूर ओतून झाली की पोतं झटकायचं, फाटलं असेल तर शिवायचं, पन्नासाचा गठ्ठा बांधायचा. शेकड्यावर मजुरी, दर शनिवारी.

मी पायरीवर बसले. त्या पोती झटकत राहिल्या.

"बसलिंगप्पाला चोर म्हनलात," त्या म्हणाल्या. "आता कुनाला म्हनायला आलात?"

"मावशी, मला काही कळेनासं झालंय."

हे बहुधा त्यांना पटलं. त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

मी विचारलं, "वर्षात किती पोती झटकली, सांगता येईल?"

"न सांगायला काय झालं? मजुरी त्याच्यावरच हाय." त्यांनी कोनाड्यातून वही काढली. पानोपानी रेघा होत्या, आणि रेघा तीन रंगांच्या पेनांनी ओढलेल्या होत्या.

"हे रंग कशाचे?"

"लोह्याचं पोतं लाल सुतळीनं शिवलेलं येतंय. शिरूरचं हिरव्या, देगलूरचं निळ्या. ज्याचं त्याला वापस धाडावं लागतंय ना. म्हनून वायलं मोजते."

मी मोजत बसले. लाल आठ हजार. निळी सहा हजार. हिरवी सहा हजार. एकूण वीस हजार पोती, म्हणजे बरोबर दहा हजार क्विंटल तूर.

विनोदनी दिलेल्या पावत्यांत लोह्याची खरेदी चार हजार क्विंटल होती. जुळलं. देगलूरची तीन हजार. तीही जुळली. शिरूर अनंतपाळची पाच हजार. पोत्यांप्रमाणे ती तीन हजारच होती.

"मावशी, पोती चोरीला जातात का? भरलेली? चार हजार?"

"जातीन की. पर चोर काय हिरवा दोरा बघून पोतं उचलतो? थप्प्या एकात एक असतेत. आन् चार हजार पोती गेली असती, तर शिरूरला नवी घेऊन द्यावी लागली असती. औंदा एक पोतं नवं घेतलं न्हाई."

मी उठून उभी राहिले. दोन हजार क्विंटल तूर चोरीला गेलीच नव्हती. ती आलीच नव्हती. शिरूरच्या नावाने खोट्या पावत्या फाडून तिचे पैसे तेवढे नेले होते.

शिरूरचं केंद्र भुजंगराव बघत होते. मिल विकायचा ठराव त्यांचा होता. तक्ताही त्यांनीच काढायला लावला होता.

आणि काल एका माणसाकडून किल्ली काढून घेणारेही तेच होते.

६

शुक्रवारी मी शिरूरला गेले. ह्या वेळी तोंडातून आरोप काढायचा नाही, असं ठरवून गेले.

भुजंगराव खरेदी केंद्राच्या ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, मला फक्त केंद्र बघायचंय. त्यांनी कुरकुरत दाखवलं. शेड, थप्पीच्या फळ्या, जमिनीत बसवलेला वजनकाटा.

"काटा चांगला दिसतो," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले.

"आता दिसतो. फेब्रुवारीत बारा दिवस बंद पडला व्हता. तीन तारखेपासून चौदापर्यंत. गावानं मला शिव्या घातल्या. माल घरात, काटा बंद, खरेदी ठप्प. उदगीरहून माणूस आणून दुरुस्त केला."

"त्याचं बिल हिशेबात दिसलं नाही मला."

 ते तुसडेपणाने म्हणाले, "माझ्या खिशातनं दिलं. कंपनी तोट्यात, तिला अजून कशाला लुटायचं? अध्यक्ष मी हाय. बुडवली मीच, असंच लोक म्हणून राहिलेत. विकून टाकू, जे काय येईल ते लोकांच्या पदरात पडंल. अजून दोन साल थांबलो तर साडेचारशेबी मिळायचे न्हाईत."

दुरुस्तीवाल्याची पावती त्यांच्या पाकिटात होती. तारीख चौदा फेब्रुवारी.

"आणि तो तक्ता? चौदाव्या पानावरचा?"

"विनोद म्हणाला, दोन पानं कमी केली तर छपाईत चार हजार वाचतेत. मी हाव म्हणालो. मला काय, फोटूबी त्यानंच टाकला."

पिशवीत शिरूरच्या पावत्यांच्या झेरॉक्स होत्या. मी त्या ओट्यावरच पसरल्या आणि तारखा लावू लागले. तीन फेब्रुवारी. चार. पाच. सहा.  काटा बंद असलेल्या प्रत्येक दिवशी पावती फाडलेली होती. बारा दिवसांत सेहेचाळीस पावत्या होत्या.

भुजंगराव वाकून बघत होते. ते विनोदला फोन लावणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"साहेब, रविवारपर्यंत एक शब्द बोलू नका."

"का?"

"कारण मी आधीच एकदा घाईने बोलले आहे."

७

रविवारी मंगल कार्यालयात चारशेवर सभासद जमले होते. पुढच्या रांगेत धुरपताबाई. व्यासपीठावर भुजंगराव, शेजारी विनोद फायली घेऊन. कोपऱ्यात बसलिंगप्पा उभा होता. भुजंगरावांनीच निरोप धाडला होता.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं. मी सगळ्यात आधी बुधवारी मिलवर काय बोलले ते सांगितलं आणि ते चूक होतं असं म्हणाले. मग फळ्यावर तो चौदाव्या पानाचा तक्ता लिहिला. तूर, डाळ, चुणी, घट. सभागृहात कुजबुज झाली. हे आकडे सगळ्यांनाच वाचता येत होते.

"विनोदराव," मी म्हणाले, "एक माहिती द्या. तीन ते चौदा फेब्रुवारीत शिरूर केंद्रावर किती खरेदी झाली?"

विनोदनी लगेच फाईल उघडली. अशा कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सेहेचाळीस पावत्या. तीनशे नव्वद क्विंटल."

 शिरूरच्या रांगांतून एकच गलका उठला.

"ओ, काटाच बंद व्हता की!"

"आमची तूर बारा दिवस अंगणात व्हती! कुणाची मोजली?"

विनोदनी फायलीकडे पाहिलं. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. त्यांना अजून कळत नव्हतं की नेमकं काय चुकलं.

मी सभेला समजावून सांगितलं. खोट्या पावत्या ज्याने फाडल्या, त्याला काटा बंद होता हे माहीत नव्हतं. भुजंगरावांना ते माहीत होतं, त्यांनी स्वतः दुरुस्तीचे पैसे भरले. त्यांनी खोट्या पावत्या केल्या असत्या तर ते बारा दिवस सोडूनच केल्या असत्या. शिरूरचा कुठलाही माणूस ते दिवस सोडणार. बसलिंगप्पाचा तर पावत्यांशी संबंधच नव्हता. कोरी पावतीपुस्तकं लातूरच्या ऑफिसातून जायची. भरलेल्या पावत्या महिनाअखेरीस एकगठ्ठा तिथेच यायच्या आणि पैसे तिथूनच सुटायचे. दुरुस्तीचं बिल ऑफिसात आलंच नाही, म्हणून तिथल्या माणसाला काटा बंद पडल्याची खबर लागली नाही. त्या जादा पावत्यांचे पैसे नऊ खात्यांत गेले होते. बँकेच्या विवरणात ती नऊही खाती एकाच शाखेची होती. आणि ती नावं मी धुरपताबाईंना सभासदांच्या यादीत शोधायला लावली होती. त्यातलं एकही तिथे नव्हतं.

"मिल विकली असती तर जुनी दप्तरं नव्या मालकाकडे गेली असती," मी म्हणाले. "आणि त्याला ती उघडायचं कारण नव्हतं."

विनोद उठले. "मला घाम फुटलाय, जरा बाहेर..." एवढं म्हणून ते खाली बसले, कारण दारात शिरूरची माणसं उभी होती. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सहा खाती मेहुण्याने खोट्या नावांनी काढलीत. तीन मी."

पुढचं पोलिसांनी केलं. ठराव मागे घेतला गेला. भुजंगरावांनी राजीनामा दिला तो सभेने घेतला नाही, आणि ह्या गोष्टीचा त्यांना इतका धक्का बसला की ते पहिल्यांदाच कुणावर खेकसले नाहीत.

सगळे उठले तेव्हा मी कोपऱ्यात पाहिलं. बसलिंगप्पा निघून गेला होता.

८

मंगळवारी मी आणि भुजंगराव देगलूरकडे त्याच्या गावी गेलो. तो गोठ्यात होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. भुजंगरावांनी मिलची किल्ली पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

"सभेत सांगितलात, चांगलं केलात म्याडम," तो म्हणाला. "पण सभेत माझा व्याही नव्हता. गुरवारीच त्येंच्या कानावर गेलं. फोरमन चोर निघाला म्हणून. लेक फोनवर रडून राहिली. तिथं कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हणाले. "आत्ता जाऊ."

व्याह्यांचं गाव तासाभराच्या अंतरावर होतं. बसलिंगप्पा आमच्याबरोबर आला, पण घरात आला नाही. फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहिला. आत त्याचे व्याही, विहीणबाई, जावई आणि शेजारची चार माणसं बसली होती. मी त्यांना सुरुवातीपासून सांगितलं. चुणी किती निघाली, वीज किती लागली, पोती कशी मोजली, काटा कधी बंद होता. माझं कुठे चुकलं आणि का चुकलं, तेही सांगितलं. कागद जुळले म्हणून मी माणसाला खोटं ठरवलं होतं.

व्याही शांतपणे ऐकत होते. ते तलाठी कार्यालयात नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनी पोत्यांचा हिशेब पुन्हा विचारून घेतला, बोटांवर मोजला.

"म्हणजे दहा हजारच आली."

"हो."

"आन् दहा हजाराची डाळ पुरी झाली. एक दाणा कमी न्हाई."

"एक दाणा कमी नाही. मिल मागच्या वर्षीसारखीच नीट चालली होती. घट मागच्याइतकीच, दोनशे."

व्याही उठले. चपला न घालताच अंगण ओलांडून फाटकापाशी गेले. तिथे दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. बोलणं फार झालंही नसावं. त्यांनी बसलिंगप्पाचा हात धरून त्याला आत आणलं आणि स्वतःच्या जागेवर बसवलं.

दारामागून त्याची लेक आली. सगळ्यांच्या आधी तिने बापापुढे चहाचा कप ठेवला. बसलिंगप्पाने तो उचलला, आणि भुजंगरावांकडे न बघताच दुसरा हात किल्लीसाठी पुढे केला.